दोनशे चाळीस तोंडं

येर्ग वोलमनला आपले कान कामातून गेलेत हे कळलं ते मार्चमधल्या एका मंगळवारी, आणि तेही बायकोच्या तोंडून.

त्या दिवशी आरोग्य केंद्राची फिरती गाडी वसाहतीत आली होती. वर्ना टेलफर नावाची उंच, ढांगा टाकत चालणारी नर्स दरवर्षी ती गाडी घेऊन कॅनडातल्या मॅनिटोबात, हटराइट म्हणजे सगळं सामाईक ठेवून राहणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या वसाहतींतून फिरायची. पोरांना लशी टोचायची, म्हाताऱ्यांचे रक्तदाब बघायची. यंदा तिनं सोबत कान तपासायचं यंत्र आणलं होतं. येर्ग स्वतःहून रांगेत उभा राहणाऱ्यातला नव्हता. वसाहतीतली डुकरं सोळा वर्षं त्याच्या ताब्यात होती आणि तेवढ्या वर्षांत तो एकदाही आजारी पडला नव्हता. पण जस्टिनानं त्याला दुपारच्या जेवणानंतर भोजनघराच्या दारातच गाठलं आणि जवळजवळ बखोट धरून गाडीत नेऊन बसवलं. गेलं वर्षभर ती प्रत्येक गोष्ट नवऱ्याला दोनदा सांगत होती, आणि दुसऱ्यांदा सांगितली की तो म्हणायचा, "ओरडतेस कशाला?"

वर्नानं त्याच्या कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं आणि आवाज आला की दाबायला सांगितलं. आधी घुमणारे, जाडेभरडे आवाज आले. येर्गनं पटापट बटण दाबलं. मग काहीच येईना. तो वाट बघत बसला. वर्ना खुंट्या फिरवत होती, कागदावर खुणा करत होती, आणि येर्ग आपल्या बुटांना लागलेल्या चिखलाकडे बघत होता. शेवटी त्याला तिची दया आली.

"नर्सबाई, तुमचं यंत्र बंद पडलंय," तो म्हणाला. "आमच्या मेहुण्याला बोलावू? तो काहीही दुरुस्त करतो."

वर्ना हसली नाही. तिनं हेडफोन त्याच्या डोक्यावरून काढला, उलटा करून हातात धरला आणि एक खुंटी पिळली. गाडीच्या दारात, चार पावलांवर जस्टिना उभी होती. तिनं तोंड वाकडं केलं.

"किती चिरकी शिट्टी आहे ही," ती म्हणाली.

येर्गनं हेडफोनकडे बघितलं, मग बायकोकडे. दोघी मिळून आपली थट्टा करतायत असं त्याला क्षणभर वाटलं.

"तुला ऐकू येतंय?"

"अजून वाजतंय की."

गाडीच्या कोपऱ्यात फरशी घासायचा एक ब्रश पडला होता, वसाहतीतल्याच झाडू वळणाऱ्यांनी बनवलेला. वर्नानं तो उचलला आणि त्याचे केस अंगठ्यानं वाकवून सोडले. ते सरळ झाले. कानाच्या आत असेच हजारो बारीक केस असतात, ती सांगू लागली. आवाज आला की वाकतात, तो गेला की उभे राहतात. मग तिनं ब्रश टेबलावर उलटा दाबला आणि आपलं सगळं वजन त्यावर टाकलं. रोज एवढं दाबलं की काही उठतच नाहीत, आणि जे मोडले त्यांच्या जागी दुसरे उगवत नाहीत. आधी जातात ते बारीक आवाज ऐकणारे. शिट्ट्या जातात, पाखरं जातात, मग बोलण्यातले स, श, फ, त जातात. बायकामुलांचं बोलणं भोकं पडल्यासारखं ऐकू येतं, पुरुषांचं मात्र ठीक वाटतं, म्हणून माणसाला कळतच नाही की काय हरवलं.

जस्टिना आत येऊन ब्रशकडे बघत होती. तिचा चेहरा बघून येर्गला शिट्टी ऐकू न आल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. ती हळूच म्हणाली, "मला वाटायचं, तुला माझं ऐकायचंच नसतं."

त्यावर औषध आहे का, असं येर्गनं विचारलं. नाही, वर्ना म्हणाली. गेलेले परत येत नाहीत, पण उरलेले राखता येतात. तो दिवसभर असतो तरी कुठे, हे तिला बघायचं होतं. चार वाजता डुकरिणींना खाणं घालायची वेळ झाली तेव्हा ती आवाज मोजायचं हातातलं यंत्र घेऊन त्याच्याबरोबर गोठ्यात गेली.

भुकेली डुकरीण ओरडते म्हणजे काय, हे ज्यानं ऐकलंय त्यालाच माहीत. इथं तर दोनशे चाळीस होत्या, चार रांगांत, एकेकीला लोखंडी खण. दाराची कडी वाजताच पहिली उठली, तिच्यामागून दुसरी, आणि भरड्याच्या गाड्याचं चाक फरशीवर कुरकुरलं तशी सगळ्यांनी मिळून जी किंचाळी फोडली, तिनं पत्र्याचं छप्पर थरारलं. येर्ग सवयीनं गाडा ढकलत निघाला, माप भर, ओत, पुढे सरक. मागे वळून बघतो तर वर्ना नाही. ती एका मिनिटात बाहेर पळाली होती आणि चिखलात उभी राहून कान दाबत होती.

तो बाहेर आल्यावर तिनं यंत्रावरचा काटा कुठे गेला होता ते दाखवलं. एकशे नऊ डेसिबल. एवढ्या आवाजात माणसाच्या कानाचा दिवसभराचा वाटा दोन मिनिटांत संपतो, ती म्हणाली. येर्गनं मनाशी हिशेब केला. सकाळी पंचवीस मिनिटं, दुपारी पंचवीस, सोळा वर्षं.

"पण माझे कान सरावलेत," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी त्रास व्हायचा. नंतर काहीच वाटेनासं झालं."

"कान सरावत नाहीत, येर्ग. तुम्हाला सरावल्यासारखं वाटलं ना, तेच बहिरेपण."

जाताना तिनं त्याला कानांवर चढवायची जाड कानझाकणं दिली आणि कानात घालायच्या मऊ बोळ्यांचं खोकं दिलं. गोठ्यात दोन्ही एकदम वापरायची, एक दिवसही खाडा नाही, असं तिनं जस्टिनाच्या देखत वदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी येर्गनं बोळे घातले, वरून कानझाकणं चढवली आणि आपण झापडं लावलेल्या घोड्यासारखे दिसतोय असं पुटपुटत गोठ्याचं दार उघडलं. आवाज दूर कुठेतरी, डोंगरापलीकडे गेल्यासारखा झाला. आणि मग एक अजब गोष्ट घडली. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्याला खाणं घालताना विचार करता येऊ लागला. एरवी त्या कल्लोळात एकच विचार असायचा, कधी संपवतो आणि बाहेर पडतो. आज तो माप ओतता ओतता इकडेतिकडे बघत होता.

पहिल्या रांगेच्या मध्यावर आल्यावर तो थांबला. त्यानं मागे बघितलं, मग पुढे, मग पुन्हा मागे. गाड्याच्या मागे सगळी तोंडं भरड्यात होती. गाड्याच्या पुढे सगळी तोंडं उघडी होती. त्यानं मुद्दाम एका डुकरिणीसमोर माप धरून ठेवलं. ती जीव तोडून किंचाळत होती. माप ओतलं, तिचं तोंड मिटलं. पुढचीचं उघडंच. ओतलं, मिटलं.

खाताना एकही ओरडत नव्हती. ओरडत होत्या त्या थांबलेल्या.

पहिलीला अर्ध्या मिनिटात मिळत होतं आणि शेवटचीला पंचवीस मिनिटांनी. ती पंचवीस मिनिटं शेजारणीचं जेवण बघत बसायची तिच्यावर पाळी, आणि आपल्या कानांवर तिचा राग! दोनशे चाळीस जणींच्या पुढ्यात एकाच क्षणी खाणं पडलं तर? त्यानं उरलेल्या रांगा कशाबशा संपवल्या आणि कानझाकणं गळ्यात लोंबत असताना चिखल तुडवत वर्कशॉपकडे पळत सुटला. एक्केचाळीस वर्षांचा, दाढी राखलेला माणूस पळतोय म्हटल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीत बायका गोळा झाल्या. त्यांना वाटलं आग लागली.

वर्कशॉपमध्ये झकारियस होता, जस्टिनाचा भाऊ. वसाहतीतलं प्रत्येक यंत्र त्याच्या हातून गेलेलं. येर्ग धापा टाकत सांगू लागला आणि सांगता सांगता एवढा मोठ्यानं बोलू लागला की झकारियसनं हातातला पाना खाली ठेवला.

"हळू बोल," तो म्हणाला. "बहिरा तू झालायस, मला कशाला करतोस?"

पण ऐकून घेतल्यावर त्याची थट्टा थांबली. प्रत्येक खणावर एक डबा, डब्याच्या बुडाला बिजागरीचं झाकण, सगळी झाकणं एका पोलादी दोराला बांधलेली. डबे आधीच भरून ठेवायचे, म्हणजे पोटं भरून डुकरिणी शांत असतील तेव्हा. मग वेळ झाली की आत जायचं आणि एक दांडा ओढायचा. झकारियसनं खडूनं जमिनीवर रेघा मारल्या, पुसल्या, पुन्हा मारल्या. जेवणाची घंटा झाली ती दोघांनाही ऐकू आली नाही. झकारियसचे कान तर चांगले होते.

अडचण होती फालेंटिन-फेटरची. वडीलधाऱ्याला सगळे 'फेटर' म्हणायचे, आणि हा फेटर वसाहतीचा कारभारी होता. खिळासुद्धा त्याला विचारल्याशिवाय वाकत नसे. पेरणी पाच आठवड्यांवर आली होती, पेरणीयंत्रं खोलून ठेवलेली होती, आणि अशा वेळी हे दोघे डुकरांना ताटं लावायची भाषा करत होते. डुकरं ओरडणारच, फालेंटिन-फेटर म्हणाला, ती काय भजनं म्हणतील? येर्गला बोलण्याची हातोटी नव्हती. त्यानं बोळ्यांचं खोकं पुढे केलं आणि त्याला गोठ्यात चलायची विनंती केली.

सत्तरीचा म्हातारा बोळे घालून, कानझाकणं लावून गाड्याच्या मागून चालला. येर्ग मान वळवून वळवून त्याच्याकडे बघत होता. दुसऱ्या रांगेत फालेंटिन-फेटर थांबला. त्यानं मागे बघितलं, पुढे बघितलं. मग त्यानं येर्गच्या हातातून माप घेतलं आणि स्वतः एकीसमोर धरून ठेवलं, मग ओतलं. पुढचीसमोर धरलं, ओतलं. तिसरीच्या वेळी त्याच्या पांढऱ्या दाढीत हसू दिसलं.

बाहेर आल्यावर त्यानं कानझाकणं गळ्यात ओढली आणि तो कुंपणाला टेकला. तरुणपणी त्यानं पंचवीस वर्षं उघड्या ट्रॅक्टरवर काढली होती, धुराडं तोंडासमोर भकभकत असायचं.

"माझ्या कानात तेव्हापासून रातकिडे आहेत," तो म्हणाला. "रात्रंदिवस. मला वाटायचं, सगळ्यांनाच असतात." मग त्यानं काठी जमिनीवर आपटली. "तीन आठवडे देतो. नवीन पत्रा मिळणार नाही. जुन्या कोठाराचं छप्पर उतरवलंय, ते घ्या."

येर्ग त्याला मिठी मारणार होता, पण कारभाऱ्याला मिठी मारायची पद्धत नव्हती, म्हणून त्यानं फेटरच्या गळ्यातली कानझाकणंच दोन्ही हातांनी दाबली.

त्यानंतरचे तीन आठवडे वसाहतीत सणासारखे गेले. दोनशे चाळीस डबे म्हणजे दोनशे चाळीस वेळा पत्रा कापणं, वाकवणं, रिव्हेट ठोकणं. आधी दोघेच होते. मग सुतार आले, मग गाईंच्या गोठ्यातले आले, मग ठिपक्यांचे रुमाल बांधलेल्या बायका दुपारची भांडी आटोपून आल्या आणि बिजागऱ्या बसवायला बसल्या. जस्टिनाचा हात सगळ्यांत जलद चालायचा. पत्रा ठोकायचा आवाजही काही कमी नव्हता. पहिल्याच दिवशी वर्नाचं यंत्र नसतानाही झकारियसच्या ते लक्षात आलं, आणि आठवड्यापूर्वी येर्गची थट्टा करणारा हा माणूस दारात बोळ्यांचं खोकं घेऊन उभा राहू लागला. कानात बोळा नाही तर हातात हातोडी नाही. एका बाईनं रुमालाखाली कान दिसत नाहीत याचा फायदा घ्यायचा प्रयत्न केला, तिला त्यानं परत पाठवलं. रोज संध्याकाळी प्रार्थनेला जाताना किती डबे झाले याचा आकडा तोंडोतोंडी फिरायचा. साठ. एकशे दहा. दोनशे.

शेवटचा डबा टांगला त्या सकाळी येर्ग न्याहारीआधीच दांड्याशी जाऊन उभा राहिला. फालेंटिन-फेटर स्वतः आला. येर्गनं दांडा ओढला. तीन रांगांत भरडा धबाधबा पडला. चौथ्या रांगेत दोर ताणला गेला, शेवटपर्यंत ओढ पोचलीच नाही, आणि टोकाचे अठरा डबे तसेच बंद राहिले. आता त्या अठराजणींच्या शेजारणी सगळ्या जेवत होत्या आणि त्यांच्याच पुढ्यात काही नव्हतं. त्यांनी असा आकांत केला की एकीनं लोखंडी गज चावला. येर्ग बादली घेऊन धावला. फालेंटिन-फेटर काठी टेकत निघून गेला.

दुपारी भोजनघरात बदकाचं मटण होतं, पण झकारियसनं ताटाला हात लावला नाही. तो काट्यानं टेबलावर रेघा ओढत होता. एकदम त्यानं येर्गच्या दंडाला धरून आपल्याकडे वळवलं, तोंडासमोर तोंड आणून सावकाश म्हणाला, "आपण टोकाकडून ओढतोय. मधून ओढायचं. अर्धा दोर इकडे, अर्धा तिकडे. आणि दोन्ही टोकांना वजनं."

येर्गला शब्दन् शब्द कळला. दोघं ताटं तशीच टाकून उठले, जेवणानंतरच्या प्रार्थनेआधी उठले म्हणून नंतर बोलणीही खाल्ली. वजनं म्हणून जुन्या नांगरांचे फाळ लावले. दांडा उचलून गोठ्याच्या मध्यावर आणायला दोन दिवस लागले.

एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी वर्ना यंत्र आणि सेकंद मोजायचं घड्याळ घेऊन आली. बर्फ वितळून सगळीकडे पाणी झालं होतं. बातमी लपणार थोडीच होती; गोठ्याच्या खिडक्यांबाहेर वसाहतीतली निम्मी माणसं नाकं काचेला लावून उभी होती. आत फक्त चौघं, येर्ग, झकारियस, वर्ना आणि बोलावलं नसताना आलेला फालेंटिन-फेटर. चौघांचेही कान झाकलेले.

दाराची कडी वाजली तसं वर्नानं घड्याळ चालू केलं. पहिली उठली, दुसरी उठली, आणि रांगांमधून तो नेहमीचा कल्लोळ चढू लागला. वर्नाच्या हातातला काटा उडी मारून वर गेला. येर्ग मधल्या वाटेनं भरभर चालत दांड्याशी पोचला. त्यानं दोन्ही हातांनी दांडा धरला आणि सगळं वजन टाकून खाली ओढला.

चारही रांगांत एकदम धाडकन भरडा कोसळला. पिवळी धूळ उठली. येर्ग चौथ्या रांगेच्या टोकाकडे बघत होता. शेवटचा डबा उघडा होता, आणि त्याखालच्या डुकरिणीचं तोंड भरड्यात होतं. त्यानं सगळीकडे नजर फिरवली. दोनशे चाळीस तोंडं, आणि एकही उघडं नाही.

काटा खाली आला. वर्नानं घड्याळ थांबवलं आणि येर्गला कानझाकणं काढायची खूण केली. त्यानं आधी एक कान मोकळा केला, भीत भीत, मग दुसरा, मग बोळेही काढले. गोठ्यात मचमच चालली होती, नुसती मचमच, पावसात जनावरं चरावीत तशी.

"एकतीस सेकंद," वर्ना म्हणाली. तिनं ते साध्या आवाजात म्हटलं, आणि येर्गला ते पहिल्या झटक्यात कळलं. खाणं चालू असताना गोठ्यात कुणाचं बोलणं ऐकण्याची सोळा वर्षांतली ही पहिलीच वेळ होती. त्याला हसू फुटलं. तो बादली उपडी घालून तिच्यावर बसला आणि हसतच राहिला, आणि खिडकीबाहेरच्यांना आतलं काही ऐकू येत नसूनही तेही हसायला लागले. झकारियस प्रत्येक डब्यापाशी जाऊन झाकण हलवून बघत होता, जणू त्याचा अजून विश्वास बसत नव्हता. फालेंटिन-फेटर येर्गपाशी आला आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "सोळा वर्षांपूर्वी का नाही सुचलं?"

"तेव्हा काही ऐकूच येत नव्हतं, फेटर," येर्ग म्हणाला. "विचारसुद्धा."

गेलेलं काही परत आलं नाही. शरद ऋतूत वर्नानं येर्गला शहरात पाठवून कानाचं यंत्र बसवून घेतलं. त्यानं लोकांचं बोलणं बरंच कळू लागलं, तरी गर्दीत तो चुकायचा. जस्टिना आता त्याच्यासमोर उभी राहून बोलते, आणि कळलं नाही तर तो मान डोलवून वेळ मारून नेत नाही, 'पुन्हा सांग' म्हणतो. पुढच्या मार्चमध्ये वर्नानं दोन्ही वर्षांचे कागद शेजारी ठेवून दाखवले. दोन्ही रेघा एकावर एक बसत होत्या. वर्षभरात एका केसाचंही नुकसान झालं नव्हतं. जस्टिनानं ते कागद मागून घेतले आणि कपाटात बायबलखाली ठेवले.

एव्हाना इतर वसाहतींतून माणसं येऊ लागली होती. एकदा तर मिनिव्हॅन भरून आली, सगळे डुकरांचे कारभारी, सगळे एकमेकांशी ओरडून बोलणारे. येर्गनं त्यांना आधी गोठा दाखवला नाही. त्यानं त्यांना रांगेनं वर्नाच्या गाडीत नेऊन बसवलं. मग दांडा दाखवला, दोर मधून का ओढायचा ते सांगितलं, झकारियसनं काढलेला नकाशा प्रत्येकाच्या हातात दिला. ते गेल्यावर तो आणि झकारियस भरड्याच्या गिरणीसमोरून परतत होते. गिरणी चालू होती. आतले हातोडे गव्हाचा चुरा करत होते आणि भिंत हादरत होती. वर्नानं आपलं जुनं मोजायचं यंत्र आता येर्गकडेच ठेवलं होतं. त्यानं ते खिशातून काढलं, दाराशी धरलं आणि काटा झकारियसच्या डोळ्यांसमोर नेला.

झकारियसनं काटा बघितला, कानात बोळे घातले आणि खडू शोधायला खिसा चाचपला.